बाळंतपणासाठी हॉस्पिटल कसं ठरवायचं? (नववा आठवडा, राहायला धायरी, माहेर चिपळूण)

धायरीकरीण | १३ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. पहिलीच वेळ आहे. सोनोग्राफीत ठोके दिसले, तारीख १८ जुलैच्या आसपासची दिली आहे. अजून दोन्हीकडच्या आया सोडल्या तर कुणाला सांगितलेलं नाही, पण हॉस्पिटलचा विषय दोघींनीही पहिल्याच फोनवर काढला.

ज्या मॅडमना दाखवते त्यांचं क्लिनिक घराजवळ आहे. घाईत नसतात, विचारलेलं नीट समजावून सांगतात. पण त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल नाही, डिलिव्हरी त्या तीन ठिकाणी करतात. एक सिंहगड रोडवरचं छोटं मॅटर्निटी होम, एक कर्वे रोडच्या बाजूचं मोठं मल्टिस्पेशालिटी आणि एक बाणेरचं, फक्त बायका-मुलांचं. "कुठे नाव घालायचं ते तुम्ही ठरवा, पाचव्या महिन्यापर्यंत सांगितलंत तरी चालेल," असं म्हणाल्या.

आईचं म्हणणं, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. सासूबाई म्हणतात, पुण्यात सगळ्या सोयी असताना घाट कशाला उतरायचा. मला थायरॉईडची गोळी आधीपासून चालू आहे, बाकी त्रास नाही. नवऱ्याच्या कंपनीचा विमा आहे, त्यात नॉर्मलला ५०,००० आणि सिझरला ७५,००० पर्यंत मिळतात.

रूम कशा आहेत, जेवण कसं असतं, हे शोधलं की सापडतं. हॉस्पिटल आतून चांगलं आहे की नाही, हे माझ्यासारखीने ओळखायचं कसं? अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा.

---

दोन_पिल्लं | १३ डिसेंबर, रात्री १०:१५

अभिनंदन! काळजी घे.

धायरीतून बाणेर नको गं. नवले पुलाजवळ संध्याकाळी काय होतं ते तुला माहीत आहे. नुसतं डिलिव्हरीच्या दिवसाचं नाही हे. सुरुवातीला महिन्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी आणि नवव्या महिन्यात दर आठवड्याला तपासणी असते. पोट एवढं पुढे आलेलं, पाय सुजलेले आणि गाडीत तासभर बसून राहायचं, हे माझ्या धाकट्याच्या वेळी मी केलंय. एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता घरातून निघून तिन्ही ठिकाणी जाऊन बघा. रविवारी सकाळी बघून काही कळत नाही.

---

कृष्णाकाठ | १३ डिसेंबर, रात्री १०:५२

तारीख जुलैची आहे ना? मग आईला आधी ते सांग. आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९ ला पुराचं पाणी घरात आलं तेव्हा शेजारची सून दिवस भरलेली होती, तिला बोटीतून काढली. माहेरपणाची हौस मला कळते, माझ्या दोन्ही लेकींची बाळंतपणं मीच केली. पण धाकटीच्या वेळी मीच तिच्याकडे ठाण्याला जाऊन राहिले. डिंकाचे लाडू, अळीव, खसखस, शेकायची शेगडी, सगळं सोबत नेलं होतं. मालिशवाली बाई तिथेच शोधली. आई पुण्याला आली तर काय बिघडलं?

---

वाशिष्ठी | १३ डिसेंबर, रात्री ११:२०

मी चिपळूणची, अजूनही तिथेच राहते. गावाबद्दल सांगते.

सोयी नाहीत असं मुळीच नाही. शहरात चांगले स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, कामथ्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, डेरवणला मेडिकल कॉलेजचं वालावलकर रुग्णालय आहे. तारीख जानेवारीची असती तर मी म्हटलं असतं, खुशाल ये. पण २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत काय झालं ते तुझ्या आईने पाहिलं असेल. वीज नाही, फोन लागत नाहीत, रस्ते पाण्याखाली. त्याच पावसात घाटांतही दरडी कोसळल्या. असं दर वर्षी होत नाही, पण तुझी तारीख ऐन त्याच आठवड्यांतली आहे.

तुझं घर कुठल्या भागात आहे? उंचावर असेल तर थोडा वेगळा विचार करता येईल. तरीही यायचंच ठरलं तर पाचव्या महिन्यातच एकदा येऊन इथल्या डॉक्टरांना फाइल दाखवून जा. सातव्यानंतर अचानक समोर येऊन उभ्या राहणाऱ्या पेशंटची आधीची काहीच माहिती त्यांच्याकडे नसते. आणि सगळे रिपोर्ट मूळ प्रतींसकट आण, नुसते मोबाईलमधले फोटो नकोत.

---

धायरीकरीण | १४ डिसेंबर, सकाळी ८:०५

वाशिष्ठीताई, घर पेठमापात आहे. २०२१ ला तळमजला पूर्ण गेला होता. आईने "बघू" म्हटलंय, म्हणजे अर्धं काम झालं. कृष्णाकाठ काकू, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवते.

---

निवृत्त_सिस्टर | १४ डिसेंबर, दुपारी २:३०

माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली. आधी सरकारी, मग खाजगी. तुमचा प्रश्न आवडला म्हणून सविस्तर लिहिते.

हॉस्पिटल बघायला जाल तेव्हा तुम्हाला डीलक्स रूम दाखवतील. ती बघा, पण लेबर रूम दाखवा म्हणून आग्रह धरा. आत कुणी बाई असेल तर लगेच नेणार नाहीत, ते योग्यच आहे. थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी या. कधीच दाखवत नाहीत म्हणाले तर कारण विचारा. आत गेल्यावर बाळाचा वॉर्मर, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऊब देणारं टेबल, शोधा. तो कोपऱ्यात ढकलून त्यावर फायली आणि कापसाची बंडलं ठेवली असतील तर मला ते हॉस्पिटल नको. चांगल्या लेबर रूममध्ये बाई कळा द्यायला लागली की सिस्टर वॉर्मर चालू करते, दोन कोरडी कापडं त्यावर गरम करायला टाकते, अँब्यू बॅग (श्वास द्यायची हाताने दाबायची पिशवी) एकदा दाबून बघते. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटातच श्वास द्यावा लागतो. तेव्हा वस्तू शोधायला वेळ नसतो.

मग विचारा, रात्री दोन वाजता इमारतीत कोण असतं? "डॉक्टर ऑन कॉल आहेत" हे अर्धं उत्तर झालं. निवासी डॉक्टर आहे का, तो किती शिकलेला आहे, भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात, बालरोगतज्ज्ञ प्रत्येक डिलिव्हरीला हजर असतात की फक्त सिझरला? तुमच्या मॅडम गावाला गेल्या तर कोण येणार, आणि त्या व्यक्तीला तुम्ही आधी एकदा भेटू शकता का?

रक्ताचं जरूर विचारा. बाळंतपणात आईच्या जिवाला सगळ्यांत मोठा धोका नंतरच्या रक्तस्रावाचा. अगदी नॉर्मल, हसतखेळत झालेल्या बाळंतपणातही तो होऊ शकतो. पहिले दोन तास सिस्टरने पुन्हा पुन्हा पोटाला हात लावून गर्भपिशवी घट्ट आहे का बघायचं असतं, पॅड बघायचं असतं, नाडी आणि बीपी लिहून ठेवायचं असतं. रक्त कुठल्या पेढीतून येतं आणि रात्री आणायला किती वेळ लागतो, याचं उत्तर तिथल्या सिस्टरला तोंडपाठ असायला हवं.

अजून एक. कळा चालू असताना सोबत कुणाला राहू देतात का? चालू-फिरू देतात का? जागतिक आरोग्य संघटना दोन्हीची शिफारस करते. सरसकट एनिमा देणं, केस काढणं, प्रत्येकीला खालून छेद देणं, याची गरज नाही असंही तीच सांगते. बाळ आणि आई ठीक असतील तर बाळ लगेच आईच्या छातीवर आणि पहिल्या तासात अंगावर पाजणं. नाळही किमान एक मिनिट थांबून कापायची. हे सगळं नेहमी करतात का विचारा. "तुम्ही सांगितलंत तर करू" असं उत्तर आलं तर समजा की तिथे ती सवय नाही.

---

ठाणेकरीण | १४ डिसेंबर, दुपारी ३:१०

सिस्टर, हा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. वाचनखूण साठवली.

---

बाप_झालोय | १४ डिसेंबर, संध्याकाळी ७:४५

पैशांचं मी लिहितो, कारण आमच्याकडे ते सगळं माझ्याकडे होतं.

मोठ्या हॉस्पिटलात रूमचा वर्ग बदलला की फक्त रूमचं भाडं बदलत नाही. डॉक्टरांची फी, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर), सगळंच त्या वर्गाप्रमाणे वाढतं. विम्यात रूमभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही वरची रूम घेतली, तर बऱ्याच पॉलिसींमध्ये बाकीची बिलंही त्याच प्रमाणात कापून देतात. हे एचआरकडून लेखी घ्या. टीपीएच्या (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीच्या) यादीत हॉस्पिटल आहे का, कॅशलेस मॅटर्निटीला चालतं का, हेही घ्या. बाळ पहिल्या दिवसापासून विम्यात धरतात की नव्वद दिवसांनंतर, हा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत. बाळाला कावीळ झाली आणि दोन दिवस दिव्याखाली ठेवावं लागलं तरी तो खर्च बाळाच्या नावावर येतो.

"पॅकेज" म्हणून जो आकडा सांगतात त्यात काय नाही ते विचारा. आमच्या पॅकेजमध्ये बालरोगतज्ज्ञांची फी नव्हती, बाळाच्या लशी नव्हत्या, एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून देतात ती भूल) नव्हतं, हातमोजे-सिरिंजसारख्या वस्तू नव्हत्या. नॉर्मलचं सिझर झालं तर आधीचे लेबर रूमचे चार्जेस वर लागतात का, हेही विचारा. एनआयसीयूचा (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा) दिवसाचा दर वेगळा लिहून घ्या. आमच्या बाळाला तिथे ठेवायची वेळ आली तेव्हा कागदावर सही करताना दर विचारायचं भान कुणालाच नव्हतं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, बाळ ठणठणीत आहे आणि तिथले डॉक्टर उत्तम होते. बिलिंग काउंटरचा अनुभव मात्र वाईट होता.

दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्राच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. बघायला जाल तेव्हा भिंतीवर शोधा.

---

मंगळवार_पेठ | १४ डिसेंबर, रात्री ९:००

सरकारीचा पर्याय कुणीच काढला नाही म्हणून लिहिते. माझ्या वहिनीचं बाळंतपण ससूनला झालं. बीपी वाढलं होतं, खाजगीवाल्यांनीच तिकडे पाठवलं. गर्दी आहे, एका खाटेपासून दुसरी हातभर अंतरावर, नातेवाइकांना बाहेर थांबावं लागतं, कुणी गोड बोलेल ही अपेक्षा ठेवू नये. पण रात्री तीन वाजता डॉक्टर खाटेशी उभे होते, आणि रोज असल्या केसेस बघणारे होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी हॉस्पिटलात नॉर्मल आणि सिझर दोन्ही मोफत, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण आणि घरी सोडायची गाडीही. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे तज्ज्ञ डॉक्टर बघतात.

तुम्ही खाजगीतच जाल, तो तुमचा निर्णय. पण गुंतागुंत झाली तर खाजगीवाले कुठे पाठवतात, ते आत्ताच विचारून ठेवा.

---

आकडेमोड | १४ डिसेंबर, रात्री ९:४०

सिझरची भीती असेल तर हे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी संस्थांमधल्या बाळंतपणांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के होतं, खाजगीत ४७.४ टक्के. खाजगीत जवळपास दर दुसरी बाई. यातलं सगळंच अनावश्यक नाही, पण सरकारी आणि खाजगीतला हा फरक फक्त पेशंटच्या तब्येतीमुळे पडतो असं मला वाटत नाही. डॉक्टरांना थेट विचारा, तुमच्याकडे किती टक्के सिझर होतात?

---

भूल_देणारी | १४ डिसेंबर, रात्री ११:०५

मी भूलतज्ज्ञ आहे, पुण्यातच काम करते. वरचा प्रश्न योग्य आहे, पण थोडा बदलून विचारा. मोठ्या हॉस्पिटलात जुळी, वाढलेलं बीपी, आधीचं सिझर, असल्या केसेस येतात, त्यामुळे त्यांचा एकूण आकडा वाढलेला दिसतो. म्हणून असं विचारा: पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले आणि कळा आपोआप सुरू झालेल्या. अशा शंभरातल्या किती जणींचं सिझर होतं? उत्तर द्यायला डॉक्टर जरा थांबून विचार करत असतील तर चांगलं लक्षण आहे. "आम्ही नॉर्मलचाच प्रयत्न करतो" हे सगळेच म्हणतात.

छोट्या मॅटर्निटी होमबद्दल माझं मत इथल्या बऱ्याच जणांपेक्षा वेगळं असेल. मी तिथेही जाते. काही ठिकाणी सिस्टर इतक्या मुरलेल्या असतात की बाळाचे ठोके उतरायला लागले की मला यायला सांगणारा फोन पाच मिनिटांत येतो आणि मी पोचेपर्यंत ओटी तयार असते. काही मोठ्या ठिकाणी फोनाफोनीतच वेळ जातो. इमारतीच्या आकारावरून हे कळत नाही. एक प्रश्न विचारा: सिझर करायचं ठरल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत तुमच्याकडे साधारण किती वेळ लागतो? तातडीच्या वेळी अर्ध्या तासाच्या आसपास जमायला हवं.

छोट्या हॉस्पिटलची खरी मर्यादा बाळाची आहे. तिथे एनआयसीयू नसेल तर बाळ एका हॉस्पिटलात आणि टाके घातलेली आई दुसऱ्या, अशी वेळ येते. कुठल्या एनआयसीयूशी त्यांचं ठरलेलं आहे, बाळाला न्यायला त्या हॉस्पिटलची सुसज्ज गाडी आणि डॉक्टर येतात की नातेवाइकांनी रिक्षा शोधायची, हे विचारा. तुमची गर्भावस्था साधी राहिली आणि दिवस भरले तर हा धोका कमी असतो. थायरॉईड गोळीने आटोक्यात असेल तर तेवढ्यासाठी मोठंच हॉस्पिटल हवं असं नाही. पण साखर वाढली, बीपी वाढलं, बाळाची वाढ कमी दिसली, तर मोठ्या ठिकाणी जायचं. त्यामुळे नाव एका ठिकाणी घाला, पण दुसरं कुठलं ते मॅडमशी आधीच बोलून ठेवा.

---

धायरीकरीण | २१ डिसेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. बाणेर यादीतून काढलं. बाकीची दोन्ही ठिकाणं बघून आलो, संध्याकाळी सातलाच.

मोठ्या हॉस्पिटलात मार्केटिंगच्या मुलीने सगळं छान दाखवलं, पण लेबर रूमचं विचारल्यावर "पॉलिसी नाही" म्हणाली. एनआयसीयू त्याच मजल्यावर आहे, रक्तपेढी आवारातच. दर छापील मिळाले. छोट्या ठिकाणी सिस्टरनेच आत नेलं. तिथला वॉर्मर भिंतीला टेकून नव्हता, टेबलाच्या शेजारी होता आणि त्याला लावलेल्या पाटीवर रोज सकाळी कुणी तपासला त्याची सही होती. निवासी डॉक्टर रात्री असतात, एमबीबीएस आहेत असं सांगितलं. नवऱ्याला आत येऊ देतात. पण एनआयसीयू नाही. बाळाला हलवायचं झालं तर त्या मोठ्या हॉस्पिटलचीच गाडी येते म्हणाले.

आई जूनच्या सुरुवातीला पुण्याला येणार, हे पक्कं झालं. सासूबाई आणि तिने मिळून खोली कशी लावायची तेही ठरवून टाकलं.

मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, छोट्या ठिकाणी नाव घाल, विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी आणि साखरेची तपासणी झाली की पुन्हा बसून बोलू. मला हे पटतंय. तुम्हाला?

---

निवृत्त_सिस्टर | २१ डिसेंबर, रात्री ९:१५

पटतंय. रोजची सही असलेला वॉर्मर वाचून बरं वाटलं. मोठ्या हॉस्पिटलातही एकदा ओपीडी पेपर काढून ठेवा, म्हणजे पुढे जावं लागलं तर तुमचा नंबर त्यांच्याकडे असेल. आणि आत्ताचं महत्त्वाचं: पहिल्या तीन महिन्यांत अंगावरून लाल गेलं किंवा पोटात एका बाजूला जोरात दुखलं, तर रात्री कुठे जायचं ते आज ठरवा. क्लिनिक तेव्हा बंद असतं.

---

दोन_पिल्लं | २१ डिसेंबर, रात्री ९:४०

एनटी स्कॅनची (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणाऱ्या सोनोग्राफीची) अपॉइंटमेंट घेतलीस का? अकरा ते चौदा आठवड्यांच्या मधेच होतो तो, चांगल्या सेंटरला तारीख लवकर मिळत नाही.

---

धायरीकरीण | २३ डिसेंबर, सकाळी १०:२०

हो, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली मिळाली. रात्रीसाठी मोठं हॉस्पिटल ठरवलंय, तिथला कॅज्युअल्टीचा नंबर दोघांच्या फोनमध्ये घातला.

एक नवीन प्रश्न. काल रक्ताचे रिपोर्ट आले, माझा गट बी निगेटिव्ह आहे. नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह. यामुळे हॉस्पिटलचा निर्णय बदलायला हवा का?

---

भूल_देणारी | २३ डिसेंबर, दुपारी १:५०

फक्त त्यासाठी बदलायला नको, पण छोट्या हॉस्पिटलला दोन गोष्टी विचारा. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. ती आहेत का हे बघायला मॅडम आत्ता इनडायरेक्ट कूम्ब्स नावाची रक्ततपासणी करतील. ती तपासणी निगेटिव्ह आली की प्रतिपिंडं होऊ नयेत म्हणून साधारण २८ व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. मधे रक्तस्राव झाला, पडलात किंवा पोटाला मार लागला तर लगेच कळवा, तेव्हाही ते लागू शकतं. हे इंजेक्शन हॉस्पिटलच्या फ्रीजमध्ये असतं की नातेवाइकांनी आणायचं? आणि बाळाचा गट तपासायला नाळेतलं रक्त जन्मतःच घेतात का?

दुसरी गोष्ट रक्ताची. निगेटिव्ह रक्त कुठल्याही रात्री सहज मिळतंच असं नाही. नवव्या महिन्यात रक्तपेढीला आधी कळवून ठेवतात का, ते विचारा. घरात किंवा ओळखीत बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह कुणी आहे का, ते आत्तापासून बघा.

---

धायरीकरीण | २३ डिसेंबर, दुपारी २:१०

चिपळूणचा मामा बी निगेटिव्ह आहे, पण जुलैत तो येऊ शकेल की नाही सांगता येत नाही. पुण्यातल्या चुलतभावांचे गट विचारते. हॉस्पिटलला उद्या फोन करते आणि उत्तर मिळालं की इथे लिहिते.